गिऱ्हाईकाची एमजीबी: उघडण्यापासून चावी देईपर्यंत

जुन्या स्पोर्ट्‌स कारचं काम घेणारे नवखे रंगाचा विचार आधी करतात. गिऱ्हाईकही पहिल्या भेटीत तेच विचारतं, लाल शोभेल की हिरवी? या गाड्यांचा जीव मात्र दाराखालच्या उंबरठ्यात असतो. गॅरेजात त्याला सिल म्हणतात. सिल सरळ असेल तर पुढचं सगळं जमतं, आणि ती वाकडी जुळली तर महागातला महाग रंगही दार नीट लावून देत नाही.

उदाहरण म्हणून १९६६ च्या आसपासची एमजीबी रोडस्टर घेतली आहे, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची उघडी, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला बनत होती. जीटी, म्हणजे पक्क्या छपराची एमजीबी, धरून ५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, म्हणून तिचे पत्रे, रबर, गॅस्केट आजही नवीन मिळतात. पहिलंच काम असेल तर अशीच गाडी घ्या. पार्टच मिळत नाही अशा दुर्मीळ गाडीवर शिकू नये, निदान दुसऱ्याच्या पैशाने तरी नाही. आणखी एक सोय आहे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन आपल्या अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्याच घराण्यातलं, म्हणजे बी-सिरीज. अँबेसेडरवर हात बसलेला जुना मिस्त्री मिळाला तर त्याला हे इंजिन परकं वाटत नाही. घराणं एक असलं तरी पिस्टन आणि हेड गॅस्केट मात्र एकमेकांना चालत नाहीत, हे त्यालाही आधीच सांगून ठेवा.

पाना हातात घेण्याआधी

आधी आरसी मागा. बॉनेटखालच्या पट्टीवरचा गाडीचा नंबर (या काळातल्या रोडस्टरचा जीएचएन३ ने सुरू होतो) आणि इंजिनावरचा नंबर (१८जीबी ने सुरू होणारा) आरसीशी ताडून पाहा. साठ वर्षांत इंजिन बदललेलं असणं अजिबात नवल नाही. नंबर जुळत नसेल तर ते त्याच दिवशी गिऱ्हाईकाला लेखी कळवा. सहा महिन्यांनी सांगितलंत तर संशय तुमच्यावर येतो.

गिऱ्हाईकाला गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे का, हेही आत्ताच विचारा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली खासगी गाडीच त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर काढता येते. तेव्हा ‘जपानी इंजिन बसवा, पॉवर स्टिअरिंग द्या, आणि व्हिंटेज नंबरही हवा’ अशी मागणी आली तर दोन्ही एकत्र होणार नाही हे तिथेच सांगून मोकळे व्हा.

आता पैसे. सगळ्या गाडीचा एकच आकडा कधीही सांगू नका. गंज किती आहे ते गाडी उघडल्याशिवाय देवालाही कळत नाही. कामाचे तुकडे पाडा. पहिला तुकडा गाडी उघडून तपासण्याचा, त्याची रक्कम ठरलेली. त्यानंतर फोटोंसह अहवाल द्यायचा आणि मगच पत्राकामाचा अंदाज. इंजिन, रंग, कुशनकाम यांचे अंदाज वेगळे. प्रत्येक तुकड्याची उचल तो तुकडा सुरू होण्याआधी घ्या, आणि बाहेरून मागवायच्या पार्टचे पैसे पूर्ण आगाऊ घ्या. पार्टच्या किमतीवर मालवाहतूक आणि कस्टम ड्युटी चढते, ती वेगळ्या ओळीत दाखवा. मजुरीवर १८ टक्के जीएसटी लागतो हेही आधीच लिहा. काढलेले जुने पार्ट गिऱ्हाईकाला परत मिळणार की भंगारात जाणार? काम मध्येच थांबलं तर गाळ्यात गाडी ठेवण्याचं महिन्याला भाडं किती? ही दोन कलमं कागदावर नसल्यामुळे जेवढी भांडणं होतात तेवढी कामाच्या दर्जावरून होत नाहीत.

जागेचं गणितही आधीच करा. गाडी जेमतेम ३.९ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे, पण उघडल्यावर तिला अडीच-तीन गाड्यांची जागा लागते. मुंबईत गाळ्याच्या प्रत्येक चौरस फुटाला भाडं पडतं, म्हणून भिंतीला लोखंडी रॅक ठोका आणि बंपर, दारं, काच, सीट उभ्याने ठेवा.

गाडी उघडणं

काही सोडवण्याआधी दाराच्या फटी मोजा. दोन्ही दारांना वर, खाली, मागे, पुढे, आठ-आठ ठिकाणी मोजून आकडा मास्किंग टेपवर लिहा, टेप तिथेच चिकटवा आणि फोटो काढा. साधारण ४ ते ५ मिमीची सारखी फट चांगली. मागच्या बाजूला वरची फट मिटत आलेली आणि खालची उघडलेली दिसली तर शेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, मधून खचली आहे असं समजा.

एक जुनी परीक्षा आहे. जॅकिंग पॉइंटखाली जॅक लावून एक बाजू हळूहळू उचला आणि चाक जमीन सोडतं त्या वेळी दार उघडून-लावून पाहा. निरोगी गाडीचं दार तसंच लागतं, खचलेल्या गाडीचं दार अडकतं. जॅक चढत असताना कुरकुर ऐकू आली, चहात बुडवलेली खारी मोडते तशी, तर तिथेच थांबा आणि जॅक उतरवा. जॅक त्या वेळी गंजात घुसत असतो.

प्रत्येक भागाचे नट-बोल्ट झिपवाल्या पिशवीत, पिशवीवर मार्करने भागाचं नाव. पिशवीत आत एक चिठ्ठीही टाका, कारण तेलकट हातांनी बाहेरचं नाव पुसलं जातं. वायरिंगचं प्रत्येक टोक सोडण्याआधी त्याला कापडी टेपचं लेबल लावा. क्रोमचे भाग काढल्याबरोबर तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळा. समुद्राची हवा क्रोमखालचा गंज एका पावसाळ्यात वर आणते.

या गाडीचे आटे बहुतेक यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे, आहेत आणि पाने इंची लागतात: ७/१६, १/२, ९/१६. नवख्यांची सगळ्यात महागडी चूक इथे होते. ५/१६ यूएनएफचा बोल्ट ७.९४ मिमीचा, तर बाजारातला मेट्रिक बोल्ट ८ मिमीचा. डोळ्याला दोन्ही जुळे भाऊ. पण पहिल्याला इंचात २४ आटे असतात आणि दुसऱ्याच्या आट्यांत १.२५ मिमीचं अंतर. मेट्रिक बोल्ट दोन फेरे हाताने जातो, मग अडतो. पोऱ्या पाना लावून तो दाबतो आणि ब्लॉकमधले आटे जातात. थ्रेड गेज खिशात ठेवा. नागदेवी स्ट्रीटला इंची नट-बोल्ट शोधल्यावर मिळतात. सस्पेन्शन आणि ब्रेकसाठी घेताना बोल्टच्या डोक्यावरची ग्रेडची खूण पाहून घ्या.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढा. साखळी तिरकी बांधा, गिअरबॉक्सचं शेपूट जवळजवळ जमिनीकडे झुकेल इतकी, आणि रेडिएटर व ऑइल कूलर आधी काढून ठेवा. क्लच बदलायचा तर पुढेही इंजिन काढावंच लागतं, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग आत्ताच नवीन टाका. हे बेअरिंग कार्बनचं असतं. सिग्नलला क्लच दाबून उभं राहण्याची मुंबईकरांची सवय त्याला लवकर खाऊन टाकते. गाडी देताना गिऱ्हाईकाला हे नक्की सांगा: सिग्नलला न्यूट्रल.

पत्रा

एमजीबीला वेगळी चासी नाही. रोडस्टरला छप्परही नाही. म्हणजे पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याला धरून ठेवतो तो मुख्यतः दोन्ही बाजूंच्या सिलमुळे. प्रत्येक सिल तीन पत्र्यांची असते: बाहेरची सिल, आतली सिल आणि दोघींच्या मधला उभा पडदा. त्यांच्या खाली, फ्लोअरला लागून कॅसल रेल असते. पाणी आत शिरतं ते पुढच्या चाकाच्या मागून. तिथे चिखल साचतो, बाहेर जायची भोकं बुजतात आणि मधला पडदा आतून कुजत जातो. बाहेरून सगळं गुळगुळीत. म्हणूनच जुन्या दुरुस्तीत कुजलेल्या सिलवर नवीन पातळ पत्रा चिकटवलेला सापडतो. त्याच्या आत पुट्टी, फायबर, क्वचित चक्क सिमेंट. चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे मार्करने गोल करा आणि गिऱ्हाईकाला फोटो पाठवा. एक अपवाद ध्यानात ठेवा. या काळातल्या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक धरणारच नाही. त्या बॉनेटला कॉस्टिकच्या टाकीत बुडवू नका, विरघळून जाईल, आणि सँडब्लास्टिंगही नको, पत्रा लाटेसारखा होतो.

सिल बदलण्याचा क्रम असा:

१. शेल सपाट फरशीवर, मागे ॲक्सलखाली आणि पुढे क्रॉसमेंबरखाली स्टँडवर ठेवा. मधोमध जॅक लावू नका, शेल वर वाकते. चारी कोपरे लेव्हलने तपासा.

२. दाराच्या चौकटीत आतल्या बाजूने, बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, एक इंची चौकोनी पाइपचा आडवा टेकू लावा. दार लागेल अशा बेताने तो आत घ्या. दोन्ही बाजूंच्या मागच्या खांबांमध्येही एक आडवा पाइप टाका. हा टेकू न लावता सिल कापली तर शेल दुमडते, आणि ती पुन्हा मूळ जागी आणायला जी मेहनत पडते तिचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

३. एका वेळी एकच बाजू. पुढचं मडगार्ड बोल्टने बसलेलं असतं, ते निघतं. काचेच्या कोपऱ्याजवळचे बोल्ट डॅशबोर्ड काढल्याशिवाय दिसतही नाहीत. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं असतं, आणि बाहेरची सिल त्याच्याखाली आत जाते. त्यामुळे त्याचा खालचा भाग कापावाच लागतो. तो वाचवायच्या नादात सिल अर्ध्यातच तोडून जोडणं ही ठरलेली चोरवाट आहे, आणि सिलची ताकद नेमकी त्याच जोडात जाते.

४. जुने स्पॉट वेल्ड ८ मिमीच्या स्पॉट कटरने काढा. ग्राइंडरने ओरबाडू नका. जो पत्रा ठेवायचा आहे त्यालाच भोक पडतं.

५. आतून बाहेर या: आधी कॅसल रेल, मग फ्लोअरची कड, आतली सिल, पडदा आणि शेवटी बाहेरची सिल. ताकदीच्या भागांना १.२ मिमीचा पत्रा घ्या, म्हणजे १८ गेज. बाहेरच्या कातडीला ०.९ मिमी पुरतो.

६. सगळं क्लॅम्पने धरून दार बसवा, मडगार्डही लावून पाहा. फट टेपवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा चांगली किंवा निदान तेवढी दिसली तरच टाके मारा. टाक्यांनंतर पुन्हा दार लावून पाहा, आणि मगच पूर्ण वेल्डिंग करा.

७. कडांना ६ मिमीची भोकं, साधारण ३० मिमी अंतरावर, आणि मिगने, म्हणजे तार आणि गॅसवर चालणाऱ्या वेल्डिंग मशीनने, ती भोकं भरायची (प्लग वेल्ड). एका ओळीत भरत जाऊ नका. एक इथे, दुसरा तिकडच्या टोकाला. सलग गरम झालेला पत्रा ओढला जातो आणि दाराची फट त्याच्यासोबत पळते. दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसतात तिथे आधी झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर मारा.

आपल्याकडचे बरेच डेंटर गॅस वेल्डिंगमध्ये वस्ताद असतात आणि मडगार्डच्या गोलाईवर त्यांच्या हाताला तोड नाही. सिलवर मात्र गॅस वापरू नका, उष्णता फार पसरते. मिगला ०.६ किंवा ०.८ मिमीची तार आणि आर्गॉन-सीओटूचं मिश्रण वापरा. वेल्डिंगच्या वेळी पेट्रोलची टाकी आणि बॅटऱ्या गाडीच्या बाहेर पाहिजेत, जवळपास ठेवलेल्या नव्हेत.

सीटच्या मागे फ्लोअरखाली दोन बॅटऱ्यांचे खोके असतात, प्रत्येकी ६ व्होल्टच्या बॅटरीसाठी. ॲसिड आणि पाणी मिळून ते चाळणी झालेले असतात. पेट्रोलची टाकी बूटच्या फ्लोअरखाली बोल्टने टांगलेली असते आणि दोघांच्या मधल्या फटीत माती-पाणी बसतं. म्हणून टाकी वरच्या अंगाने सडते. खालून पाहून ‘टाकी ठीक आहे’ असं कधी लिहू नका.

पावसाळा आणि रंग

मुंबईत कामाचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. उघडा पत्रा जुलैत एका रात्रीत तांबूस होतो. हाताचे ठसेसुद्धा सकाळी गंजाचे डाग होऊन उठतात. जून ते सप्टेंबर पत्राकाम आणि इंजिन चालू ठेवा, पण ब्लास्टिंग झालेल्या भागावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर गेला पाहिजे. ब्लास्टिंगवाला दुपारी चारला टेम्पो पाठवतो म्हणाला तर नको म्हणा, सकाळी पाठवायला सांगा. शेवटचा रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश सेल्सिअस वर नसेल तर रंगाखाली ओल अडकते आणि वर्षभरात फुगे येतात.

पुट्टी २ ते ३ मिमीहून जाड नको. त्यापेक्षा जाड लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिला आहे. इपॉक्सी, त्यावर पुट्टी, टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) सरफेसर, उंचसखलपणा दाखवणारा पातळ गाइड कोट, ब्लॉक लावून ३२० आणि मग ६०० चा पेपर. मूळ रंग कोणता ते डॅशबोर्डच्या मागे किंवा हीटरच्या खाली सापडतं. टार्टन रेड, ओल्ड इंग्लिश व्हाइट, ब्रिटिश रेसिंग ग्रीन ही या काळातली नावं. टू-के रंगात आयसोसायनेट असतं. रुमाल बांधून किंवा साध्या मास्कवर ते मारू नये, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. गाळ्याच्या वर माणसं राहत असतील तर बूथ भाड्याने घ्या.

रंगानंतर सिल, दारं आणि बॉक्स सेक्शनमध्ये लांब नळीने मेण मारा आणि पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. या कामाला काही तासच लागतात, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

इंजिन

बंद पडून असलेल्या इंजिनाला स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, चार-पाच दिवस थांबा आणि मग हाताने फिरवा. फिरत असेल तर कॉम्प्रेशन घ्या. चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत हवेत.

बोअरिंगला देताना आधी पिस्टन हातात येऊ द्या, मग बोअर करा. उलट केलं तर ०.०२० इंचाचं बोअर तयार आणि बाजारात फक्त ०.०४० चे पिस्टन, अशी गत होते. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांची बुचं काढून ब्रशने साफ करायला सांगा. ग्राइंडिंगची भुकटी तिथे राहिली तर नवीन बेअरिंग पहिल्याच तासात ओरखडली जातात. हेडला दोन व्हॉल्व्हांमधल्या पट्टीत तडे जातात, तेव्हा प्रेशर टेस्ट केल्याशिवाय फेसिंगला पैसे घालू नका. देशात शिशाचं पेट्रोल २००० मध्येच बंद झालं. म्हणून एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, नाहीतर जुन्या मऊ सीटमध्ये व्हॉल्व्ह हळूहळू रुततो आणि टॅपेटची फट मिटत जाते.

जुळवणीचे आकडे: मेन बेअरिंग ७० फूट-पौंड, बिग एंड ३५ ते ४०, हेडचे अकरा नट ५०. हेड मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत आवळायचं. क्रँकचा एंड फ्लोट, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, ०.००४ ते ०.००५ इंच. प्लग गॅप ०.०२५ इंच, पॉइंट ०.०१५, फायरिंग १-३-४-२.

टॅपेटची फट थंड इंजिनाला ०.०१५ इंच, आणि ती लावायची सोपी युक्ती म्हणजे नऊचा हिशेब. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा नंबर नऊमधून वजा करा. जो उरेल त्याची फट लावा. आठवा दाबलेला असेल तर पहिला, तिसरा दाबलेला असेल तर सहावा. हेडच्या अकरांपैकी चार नट रॉकरचे खांबही धरतात, म्हणून हेड आवळल्यावर टॅपेट पुन्हा तपासावे लागतातच.

तेल २०डब्ल्यू-५०, फिल्टर धरून सव्वाचार लिटरच्या आसपास. कॅम आणि टॅपेट सपाट घसटीचे आहेत, तेव्हा झिंक भरपूर असलेलं तेल घ्या. आजच्या गाड्यांच्या तेलात ते कमी असतं. पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून, मीटरवर तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर फिरवा. नवीन कॅम असेल तर चालू झाल्याबरोबर २० मिनिटं २००० आरपीएमवर ठेवा. आयडलवर सोडून चहाला जाऊ नका, त्या वेळात नवीन कॅमची टोकं घासली जातात.

गिअरबॉक्समध्येही इंजिनचंच २०डब्ल्यू-५० तेल जातं. गिअर ऑइल भरलं तर सिंक्रो आणि ओव्हरड्राइव्ह दोन्ही रुसतात. त्याची डिपस्टिक गाडीच्या आत आहे, मधल्या टनेलवरच्या रबरी बुचाखाली. नवीन कार्पेट घालताना कुशनवाल्याला हे बुच दाखवून तिथे झाकण ठेवायला सांगा, नाहीतर ते कायमचं गाडलं जातं.

पेट्रोल आणि गरमी

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी ते सोसत नाही. आतून मऊ होते, तिचे काळे कण एसयू कार्ब्युरेटरच्या फ्लोट नीडलखाली अडकतात आणि पेट्रोल ओसंडून वाहतं. तेही तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या आणि व्हिटॉन (इथेनॉल सोसणारं रबर) टोकाची नीडल बसवा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, तेव्हा जेटचा नट पूर्ण वर नेऊन तिथून १२ फ्लॅट (नटाच्या बाजू, म्हणजे दोन फेरे) खाली घेऊन सुरुवात करा आणि मग बारीक सेटिंग करा. कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम पाऊण मिमी वर उचलून पाहा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड, बसला तर पातळ, किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. इथेनॉल हवेतली ओल खेचतं.

रेडिएटर उघडून साफ करून घ्या आणि ७४ अंशांचा थर्मोस्टॅट लावा. उष्ण प्रदेशासाठी तोच दिलेला होता.

ब्रेक, चाकं, वायरिंग

ब्रेकमध्ये ‘चालतंय ना’ असं काही नसतं. मास्टर सिलिंडर, पुढचे कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर, तिन्ही लवचीक होज, सगळं नवीन हवं, किंवा सिलिंडर असेल तर आत नवी नळी (स्लीव्ह) बसवलेला. ३/१६ इंची पाइप तांबे-निकेलचे घ्या. आपल्या हवेत साधा लोखंडी पाइप क्लिपच्या खाली गंजतो. ब्रेकची एकच सर्किट आहे. एक पाइप फुटला तर पायाखाली काहीच उरत नाही.

तारांची चाकं असतील तर हबचे आटे बाजूप्रमाणे वेगळे असतात. डाव्या बाजूचा मधला नट नेहमीसारखा उलट फिरवून सुटतो, उजव्या बाजूचा घड्याळाच्या दिशेने. हब चुकून आलटून-पालटून बसले तर चालत्या गाडीत नट स्वतःहून सैल होत जातो. हबवरच्या खाचा घासल्या आहेत का ते पाहायला चाक उचला, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. ‘टक’ वाजलं तर हब आणि चाक दोन्ही बदलावी लागतील. या चाकांना ट्यूब लागतेच.

वायरिंगमध्ये दोन सापळे आहेत. पहिला असा की १९६७ पर्यंतच्या गाड्यांचा पॉझिटिव्ह अर्थ असतो, बॅटरीची धन बाजू बॉडीला. ज्याने फक्त आजच्या गाड्या पाहिल्या आहेत असा वायरमन सवयीने ती उलटी जोडतो. दुसरा सापळा फ्यूजचा. ल्युकासच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो उडण्याचा असतो, सतत चालण्याचा १७ अँपिअर. दुकानातला आजचा ३५ अँपिअरचा फ्यूज बसवला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. रंग ओळखून ठेवा: तपकिरी कायम जिवंत, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थ.

चाचणी आणि गाडी देणं

विमा चालू नसेल तर गाडी गेटबाहेर काढू नका. पहिली फेरी गाळ्याभोवती चार-पाच किलोमीटरची, अग्निशामक सोबत ठेवून. परत आल्यावर खाली पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेवा. कुठला डाग कशाखाली पडला ते सकाळी कळतं. मग पहाटेची ईस्टर्न फ्रीवेवरची फेरी, आवाज ऐकायला. त्यानंतर संध्याकाळी सायनच्या गर्दीत वीस मिनिटं, तापमानाचा काटा कुठे थांबतो ते पाहायला. तापलेल्या इंजिनाचा तेलाचा दाब चालताना ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५ असावा.

चावी देताना फोटोंची फाइल, बिलं, जुन्या पार्टचं खोकं आणि चाकांचे नट ठोकायची तांब्याची हातोडी द्या. उजव्या चाकाचा नट कुठल्या दिशेने सुटतो ते गिऱ्हाईकाच्या हातूनच करून घ्या. पुढच्या सीटमागचं कार्पेट उचलून बॅटऱ्या दाखवा. पुढच्या किंगपिनना ५००० किलोमीटरच्या आतच ग्रीस लागतं हे वहीत लिहून द्या, कारण कोपऱ्यावरचा गॅरेजवाला त्या निपलकडे पाहणारही नाही. ८० किलोमीटर झाले की गाडी परत बोलवा आणि चारही चाकांचे नट पुन्हा ठोका. ८०० ला तेल बदला, थंड इंजिनावर हेड पुन्हा आवळा, टॅपेट लावा आणि दाराच्या फटी पुन्हा मोजून टेपवरच्या पहिल्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.